राजारामपुरीतला मॅडमचा ग्रामर क्लास: सहा आठवडे फक्त सब्जेक्ट आणि व्हर्ब

मागच्या शुक्रवारी माझे तीन महिने पूर्ण झाले आणि तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं की कसा आहे क्लास, जाऊ का, फी वसूल होते का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. क्लासला नाव नाही, बाहेर बोर्ड नाही, कोल्हापुरात राजारामपुरीत एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो, आणि मॅडम रिटायर्ड हायस्कूल टीचर आहेत. ज्यांना कळलं ते कोणाच्या तरी सांगण्यावरूनच आलेत, मीपण तशीच गेले.

आधी मी का गेले ते सांगते, नाहीतर बाकीचं नीट कळणार नाही. आमचं चपलांचं दुकान आहे, आणि गेली काही वर्षं बाहेरच्या देशातून पण थोड्या ऑर्डरी येतात, त्या सगळ्या ईमेलवर, आणि ईमेल मीच बघते. मी मराठी मीडियमची, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोपर्यंत माझी शाळा संपत आली होती). काम चालायचं. मग एका कस्टमरला चप्पल लहान झाली, त्यांनी फोटो पाठवला, बदलून मागितली. मी मनात मराठीत वाक्य जुळवलं, "फोटो मिळाला. नवीन जोड पाठवतो. कुरिअरचे पैसे द्याल." आणि लिहिलं, "रिसीव्ह्ड फोटो. विल सेंड न्यू पेअर. विल पे कुरिअर." त्यांनी थँक यू लिहिलं, आम्ही जोड पाठवला, आणि कुरिअरचे पैसे मागितले तर ते म्हणाले तुम्हीच लिहिलंय ना की तुम्ही देणार. मी तो मेल दहा वेळा वाचला. मला त्यात स्पष्ट दिसत होतं की पैसे त्यांनी द्यायचेत, आणि त्यांना स्पष्ट दिसत होतं की आम्ही देणार. 2600 रुपये गेले. पैशापेक्षा जास्त मला हे लागलं की चूक कुठे झाली तेच मला कळत नव्हतं, स्पेलिंग बरोबर, शब्द बरोबर, मग बिघडलं काय?

त्याआधी मी एक मोठा स्पोकन इंग्लिशचा क्लास केला होता, नाव घेत नाही, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी अशी जाहिरात होती. तिथे साठ माणसं एका हॉलमध्ये, रोज वीस वाक्यं पाठ करायची आणि शेजाऱ्याला म्हणून दाखवायची. हॉटेलात काय बोलायचं, विमानतळावर काय बोलायचं. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं लागलं तर ठीक, पण त्यातला एक शब्द बदलायची वेळ आली की मी अडकायचे, कारण वाक्याचा सांगाडा कोणी दाखवलाच नव्हता. ग्रामर विचारलं की सर म्हणायचे ग्रामरचा विचार करू नका, बोलत राहा. लहान मुलाला ते चालत असेल, पण चाळिशीतल्या बाईला हिशोब कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही हो.

तर आता हा क्लास. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारलं का आलात, मी कुरिअरची गोष्ट सांगितली. त्यांनी माझी तीन वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांना विचारलं, "पैसे कोण देणार?" आम्ही बारा जण होतो. सात जण म्हणाले दुकानदार, पाच म्हणाले गिऱ्हाईक. मग त्यांनी बाजूला मराठी लिहिलं: देईन, देऊ, देशील, द्याल, देतील. म्हणाल्या, "बघा, यात मी, आम्ही, तू, तुम्ही, ते काहीही लिहिलेलं नाही तरी कोण देणार ते कळतंय, कारण मराठी क्रियापद कर्त्याला पोटात घेऊन फिरतं. इंग्रजीत या पाचही ठिकाणी 'विल पे'च. तिथे क्रियापदाच्या पोटात कोणी नाही, म्हणून तो माणूस बाहेर उभा करावा लागतो, दर वेळी, प्रत्येक वाक्यात." खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आपण "येतेस का?", "जेवलात?", "निघालो" असं दिवसभर बोलतो आणि कुठेच अडत नाही, कारण शेवटच्या अक्षरातच सगळं आलेलं असतं, बाई का बुवा, एक का अनेक. तीच सवय मी इंग्रजीत नेली होती. तीस वर्षं इंग्रजीशी झगडून हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते तिथे पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं.

यानंतर सहा आठवडे, म्हणजे बारा बैठका (एकेक दीड तासाची), फक्त एकच काम. वाक्य घ्यायचं, व्हर्ब शोधायचं, सब्जेक्ट शोधायचा. सब्जेक्टखाली निळ्या पेनने एक रेघ, व्हर्बखाली लाल पेनने दोन रेघा. दुसरं काही नाही. टेन्सचा तक्ता नाही, आर्टिकल नाही. पहिल्या आठवड्यात एक मुलगी कंटाळून सोडून गेली आणि मी तिला दोष देत नाही, कारण वरवर बघितलं तर हे सहावीतलंच वाटतं. पण वाक्यं जशी वाढत गेली तसं कळायला लागलं की आपण पंधरा शब्दांच्या वाक्यात व्हर्ब कुठलं हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तर नव्हते सांगू शकत.

मॅडमची पद्धत अशी की आधी व्हर्ब, मग सब्जेक्ट, उलट कधीच नाही. आणि व्हर्ब ओळखायला त्या अर्थ विचारत नाहीत. शाळेत आपल्याला शिकवतात की क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद, मग मुलं "स्विमिंग इज गुड एक्सरसाइज" मध्ये स्विमिंगखाली रेघ मारतात, कारण पोहणं ही क्रियाच आहे ना. मॅडम म्हणतात वाक्याचा काळ बदलून बघ, काल घाल, उद्या घाल, जो शब्द हलतो तो व्हर्ब. "स्विमिंग वॉज गुड एक्सरसाइज." स्विमिंग जागचं हललं नाही, इज हललं. झालं. हाच उपाय "आय वॉन्ट टु गो" ला लावा, "आय वॉन्टेड टु गो", म्हणजे वॉन्ट व्हर्ब, गो नाही. 'टु'च्या मागे लपलेला शब्द आणि एकटा पडलेला आयएनजीवाला शब्द, या दोघांना त्या "रजेवर गेलेली क्रियापदं" म्हणतात, दिसतात क्रियापदासारखी पण ड्युटीवर नाहीत. "द बॉय सिटिंग ऑन द वॉल इज माय नेफ्यू", यात सिटिंग रजेवर, ड्युटीवर इज. पण "द बॉय इज सिटिंग ऑन द वॉल" म्हटलं की सिटिंगला इजची सोबत मिळाली आणि ते दोघं मिळून ड्युटीवर आले. आमच्या बॅचमधल्या नर्सिंगच्या दोन मुली तेव्हापासून प्रत्येक वाक्याला विचारायच्या, "मॅडम हा रजेवर का ड्युटीवर?"

आता सब्जेक्ट. इथे मला क्लासचं खरं मोल वाटतं, आणि म्हणूनच मी इतकं लांब लिहितेय. शाळेत मराठीत कर्ता शोधायची युक्ती आठवते का, धातूला 'णारा' लावून कोण विचारायचं? राम आंबा खातो, खाणारा कोण, राम. आपण सगळे तीच युक्ती इंग्रजीला लावतो कारण आपल्या डोक्यात सब्जेक्ट म्हणजे कर्ता असं पक्कं बसलंय, गाइडात पण तसंच छापलेलं असतं. मॅडमनी वाक्य दिलं, "द चेक वॉज साइन्ड बाय द मॅनेजर." सही करणारा कोण? मॅनेजर. आम्ही सगळ्यांनी मॅनेजरखाली निळी रेघ मारली. चुकलं. सब्जेक्ट चेक आहे. चेकने काहीही केलेलं नाही, बिचारा टेबलावर पडून आहे, तरी सब्जेक्ट तोच, कारण वॉज त्याच्याकडे बघून आलंय, चेक एकाचे दोन करा की लगेच वॉजचं वेअर होतं, मॅनेजर दोन करा, काहीच होत नाही.

मग त्यांनी सांगितलं की कर्ता ही आपली फार जुनी कल्पना आहे, पाणिनीचं सूत्रच आहे, "स्वतन्त्रः कर्ता", म्हणजे त्या क्रियेत जो स्वतंत्रपणे वागतो तो कर्ता. "रामेण रावणः हतः" म्हटलं तरी कर्ता रामच, तो तृतीयेत गेला तरी त्याचं कर्तेपण जात नाही. ती गोष्ट अर्थाची आहे, कोणी केलं याची. इंग्रजीतला सब्जेक्ट ही खुर्ची आहे. त्या खुर्चीत बहुतेक वेळा करणारा बसतो, पण कधी ज्याच्यावर केलं तो बसतो, कधी ज्याला वाटलं तो बसतो, आणि कधी कोणीच नसतं तेव्हा एक रिकामा 'इट' आणून बसवतात पण खुर्ची मोकळी ठेवत नाहीत. "इट इज रेनिंग." काका म्हणाले (बॅचमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत), "मॅडम, इट म्हणजे पाऊस का?" मॅडम म्हणाल्या, "नाही काका, इट म्हणजे काहीच नाही. पाऊस रेनिंगमध्ये आला. इट नुसतं खुर्ची भरायला." आपल्याकडे "उजाडलं", "सांजावलं" एवढं एका शब्दाचं वाक्य चालतं. त्यांना नाही चालत.

आणि "मला" ने सुरू होणारी आपली वाक्यं! मला चहा आवडतो. आपल्या व्याकरणात कर्ता चहा, कारण आवडणारा कोण, तर चहा. क्रियापद पण चहाचंच ऐकतं, चहा आवडतो, कॉफी आवडते, सरबत आवडतं. इंग्रजीत "आय लाइक टी", खुर्चीत आय. मला भूक लागली, "आय अॅम हंग्री". मला दोन भाऊ आहेत, "आय हॅव टू ब्रदर्स". मला वाटतं, "आय थिंक". म्हणजे आपण जिथे 'मला' म्हणून बाजूला उभे राहतो तिथे इंग्रजी आपल्याला ओढून खुर्चीत बसवते. मॅडमनी अशी तीस वाक्यं दिली होती, नुसती 'मला'ची, आणि ती वही मी अजून जपून ठेवलीय.

दुसरा मोठा घोळ आपल्या कर्मणी प्रयोगाचा. आईने भात केला, आईने भाकरी केली, आईने पिठलं केलं. आई तीच, पण क्रियापद आईकडे ढुंकून बघत नाही, पातेल्यात काय आहे ते बघतं. म्हणून आपल्या हाताला सवय असते की क्रियापद वस्तूशी जुळवायचं. मी "द कारागीर हॅव मेड टेन पेअर्स" असं वर्षानुवर्षं लिहीत होते, एकच कारागीर असला तरी, कारण माझ्या डोक्यात "दहा जोड केले" होतं. इंग्रजीत क्रियापदाची मान फक्त सब्जेक्टकडे वळते, दहा जोड असोत का हजार, "ही हॅज मेड". आणि तिसरं, जे ऐकून सगळ्या वर्गाने माना डोलावल्या, ते आपलं आदराचं अनेकवचन. बाबा आले, मॅडम म्हणाल्या, सासूबाई गावाला गेल्यात. त्यामुळे आपल्या हातून "माय फादर आर इन द बँक", "माय मदर-इन-लॉ हॅव गॉन" असं सहज जातं, आणि 'इज' लिहिताना आतून चुकल्यासारखं वाटतं, मोठ्यांना अरेतुरे केल्यासारखं. मॅडम म्हणाल्या इंग्रजीतल्या एकवचनात अपमान नाही, तिथे राणीलाही इजच. एवढं एक वाक्य मला दहावीत कोणी सांगायला हवं होतं.

सब्जेक्ट पकडायची त्यांची सगळ्यात भारी ट्रिक म्हणजे प्रश्न करून बघायचा. वाक्याचा हो-नाही प्रश्न करा, हेल्पिंग व्हर्ब उडी मारून पुढे येतं, आणि ज्याच्यावरून उडी मारली ते सगळं सब्जेक्ट. "द लेदर ऑफ दीज चप्पल्स इज टॅन्ड विथ प्लांट मटेरियल." प्रश्न करा, "इज द लेदर ऑफ दीज चप्पल्स टॅन्ड...", तर 'द लेदर ऑफ दीज चप्पल्स' एवढा पूर्ण सब्जेक्ट, आणि त्याचा मालक लेदर, चप्पल्स नाही, म्हणून इज. 'ऑफ'च्या पुढचा शब्द सहसा सब्जेक्टचा मालक नसतो हे त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की आता मला झोपेत विचारलं तरी सांगेन. "द पेअर ऑफ चप्पल्स इज रेडी." "वन ऑफ माय कस्टमर्स लिव्हज इन दुबई." तिथे 'लिव्ह' लिहायचा मोह होतो कारण कस्टमर्स शेजारी बसलेत, पण राहतो एकटा वन.

माझ्या धंद्यावरून त्यांनी एक वाक्य मुद्दाम करून आणलं होतं, म्हणजे घरी बसून माझ्यासाठी विचार केला होता: "कोल्हापुरी चप्पल्स, व्हिच गॉट द जीआय टॅग इन 2019, आर मेड इन एट डिस्ट्रिक्ट्स ऑफ महाराष्ट्रा अँड कर्नाटका." (जीआय टॅग म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूला मिळणारी सरकारी नोंद.) यात व्हर्ब किती? मी म्हटलं एक, आर मेड. काका म्हणाले गॉट. दोघंही अर्धे बरोबर. दोन व्हर्ब आहेत, आणि प्रत्येकाला स्वतःचा सब्जेक्ट, गॉटचा 'व्हिच', आर मेडचा 'चप्पल्स', आणि जे स्वल्पविरामांच्या मधे आहे ते बोटाने झाकलं तरी बाहेरचं वाक्य उभं राहतं. बोटाने झाकायची ही सवय मला इतकी लागलीय की आता मोठा मेल आला की मी खरंच स्क्रीनवर बोट ठेवते. (जाता जाता, आठ जिल्हे म्हणजे आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. हे कस्टमरला सांगता आलं तर छान वाटतं त्यांना.)

चौथ्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर आकृत्या काढायला शिकवलं. एक आडवी रेघ, तिला मधोमध छेदून जाणारी एक उभी रेघ, डावीकडे सब्जेक्ट, उजवीकडे व्हर्ब. व्हर्बच्या पुढे कर्म असेल तर अजून एक उभी रेघ पण ती आडवीला छेदत नाही, तिच्यावर नुसती टेकते. विशेषणं तिरक्या रेघांवर खाली लोंबकळतात. ही पद्धत अमेरिकेतल्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांची, 1877 सालच्या त्यांच्या पुस्तकातली, तिकडे शाळांत खूप वर्षं चालली म्हणे. आपल्याकडे वाक्यपृथक्करण असतं ना, उद्देश्य विभाग आणि विधेय विभाग, तेच, फक्त तक्त्याऐवजी चित्रात. मॅडमचं मत असं की सब्जेक्टला मराठीत कर्ता म्हणण्यापेक्षा उद्देश्य म्हटलं तर पोरांचा निम्मा घोळ तिथेच मिटेल, आणि मला ते शंभर टक्के पटलंय. त्या उभ्या रेघेचा फायदा असा की माझं जुनं "विल पे कुरिअर" आकृतीत मांडायला गेलं तर रेघेच्या डावीकडे मोकळी जागा राहते. डोळ्याला दिसते. मी ती आकृती काढली आणि बराच वेळ नुसती बघत बसले, 2600 रुपये त्या मोकळ्या जागेत गेले होते.

डावी बाजू मोकळी चालते ती फक्त ऑर्डर देताना, "शट द डोअर", तिथे यू लपलेला असतो आणि तो समोरच उभा असतो म्हणून कोणाचा गैरसमज होत नाही. कंसात यू लिहून त्याखाली निळी रेघ मारायची असा त्यांचा नियम.

बॅचमध्ये एक एमपीएससी करणारा मुलगा आहे, त्याचा अनुभव वेगळा आणि तो पण सांगायला हवा. गट ब आणि गट क च्या मुख्य परीक्षेत मराठी-इंग्रजीचा पेपर असतो, त्यात चुका ओळखा टाइपच्या प्रश्नात सब्जेक्ट-व्हर्बचे भरपूर येतात. त्याला नियमांची यादी पाठ होती, नीदर-नॉर आलं की जवळच्याशी जुळवा, अॅज वेल अॅज आलं की पहिल्याशी जुळवा, "अ नंबर ऑफ" ला अनेकवचन आणि "द नंबर ऑफ" ला एकवचन. पण पेपरात वाक्य लांब आलं की कुठला नियम लावायचा तेच सुचायचं नाही. मॅडमनी त्याची यादी बाजूला ठेवायला लावली आणि फक्त रेघा मारायला लावल्या. तो म्हणतो आता आधी सब्जेक्ट सापडतो, मग नियम आपोआप आठवतो, "द नंबर" मध्ये खुर्चीत संख्या बसलीय म्हणून इज, "अ नंबर ऑफ कस्टमर्स" म्हणजे नुसतं 'बरेच', म्हणून खुर्चीत कस्टमर्स. त्याला मात्र क्लासचा वेग कमी वाटला, आणि परीक्षा जवळ असेल तर ते खरंय. परीक्षेला महिना-दीड महिना राहिला असेल तर इथे येऊ नका, इथे घाई नाही.

मॅडमचं मला आवडलं ते हेही की जिथे सरळ उत्तर नाही तिथे त्या तसं सांगतात. "देअर आर मेनी शॉप्स इन धिस लेन" मध्ये सब्जेक्ट कोण? प्रश्नाची ट्रिक लावली तर "आर देअर मेनी शॉप्स", उडी देअरवरून मारली, म्हणजे खुर्चीत देअर. पण एकच दुकान केलं तर आर चं इज होतं, म्हणजे मान वळते शॉप्सकडे. मी विचारलं मग रेघ कुठे मारू? त्या म्हणाल्या, "खुर्ची एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ही एक जागा आहे. व्याकरणवाल्यांतही यावर दोन मतं आहेत. तू लिहिताना हुकूम कोणाचा ते बघ, म्हणजे चूक होणार नाही." आधीच्या क्लासात असं विचारलं असतं तर गप्प बसवलं असतं.

आता जे नाही आवडलं ते. बोलायची प्रॅक्टिस जवळजवळ नाही, सगळं लिहिण्यावर, त्यामुळे फोनवर बोलायला मी अजून घाबरते. उच्चार शिकवत नाहीत. एखादा तास बुडला तर बुडला, रेकॉर्डिंग नाही, व्हॉट्सअॅपवर नोट्स नाहीत, शेजारणीची वही उतरवून घ्यायची. गृहपाठ फार असतो, दर वेळी पन्नास वाक्यं, आणि न करता गेलं तर त्या रागावत नाहीत पण तुम्हाला फळ्यापाशी बोलावून तिथे करायला लावतात. खोलीत एकच पंखा आहे, मेमध्ये हाल होतात. आणि सहा आठवड्यांनंतरचा भाग, म्हणजे टेन्स वगैरे, तो चांगला आहे पण पहिल्या भागासारखा नाही, तिथे त्या जरा शाळेच्या पुस्तकासारख्या शिकवतात. हे मी त्यांनाही सांगितलंय. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

फी तीन महिन्यांची 3600 रुपये, दोन हप्त्यांत चालते. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच ते चार, म्हणजे जेवणं आवरून निघता येतं आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी. माझ्यासारख्या दुकान-घर दोन्ही बघणाऱ्या बाईला हीच वेळ जमते, संध्याकाळचा असता तर मी गेलेच नसते.

घरी काय फरक पडला ते सांगते. माझा मुलगा सेमी-इंग्लिशला सातवीत आहे, त्याला सायन्सचं पुस्तक वाचताना अर्थ लागायचा नाही, शब्द सगळे माहीत असून. आता आम्ही दोघं संध्याकाळी एकेक उतारा घेऊन निळ्या-लाल रेघा मारतो. "द वॉटर अॅब्सॉर्ब्ड बाय द रूट्स मूव्ह्ज टु द लीव्ह्ज." तो अॅब्सॉर्ब्डला व्हर्ब म्हणत होता. मी म्हटलं काळ बदलून बघ. त्याने केलं, "मूव्ह्ड". मग स्वतःच ओरडला, अॅब्सॉर्ब्ड रजेवर आहे! नंतर विचारतो, मग आई, पाणी स्वतःच वर जातं का? म्हणजे त्याला वाक्य कळलं होतं, आता तो विज्ञानाकडे वळला होता.

आणि गेल्या आठवड्यात परत तसाच मेल आला, दुसऱ्या एका कस्टमरचा, अंगठा टोचतोय म्हणून जोड बदलून हवा होता. मी लिहिलं, "वी हॅव रिसीव्ह्ड युवर फोटो. वी विल सेंड अ न्यू पेअर ऑन मंडे. यू विल हॅव टु पे द कुरिअर चार्जेस." पाठवायच्या आधी कागदावर उतरवून रेघा मारल्या, तीन निळ्या, तीन ठिकाणी लाल दुहेरी, डावीकडे कुठेच जागा मोकळी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे पाठवले आणि काहीही विचारलं नाही.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, बाराच जण घेतात, म्हणून आधी जाऊन सांगून ठेवा. गल्लीत गाडी लावायला जागा नसते, जनता बझारकडे लावून चालत जा. वही आडव्या रेघांची, दोनशे पानी, आणि निळं-लाल पेन आपापलं न्यायचं, तिथे मिळत नाही.